हेलिकॉप्टर पेशंटला न्यायच्या आधी डॉक्टरला पोचवतं

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर एअर अँब्युलन्स म्हणून एक धर्मादाय संस्था आहे, तिच्या क्रूसोबत फिरून शूट केलेली 'हेलिकॉप्टर ईआर' ही डॉक्युमेंटरी सिरीज २०१६ मध्ये टीव्हीवर सुरू झाली, त्याच्या आधी बीबीसीवर 'हेलिकॉप्टर हीरोज' होती तीसुद्धा ह्याच लोकांवर. डेल्सच्या टेकड्या, व्हिटबी-स्कारबरोचा किनारा, लांबच लांब कुरणं, आणि कुणीतरी घोड्यावरून पडलेलं असतं, कुणी बाईकवरून उडालेलं, कुणी शेतात चार चाकांच्या क्वाड बाईकखाली सापडलेलं. बघताना नजर साहजिकच पिवळ्या हेलिकॉप्टरवर जाते, ते कुठे उतरणार, झाडाला लागेल का वगैरे. पण मला विचाराल तर ह्या सिरीजमधलं सगळ्यात बघण्यासारखं काय तर हेलिकॉप्टर उतरल्यानंतरचा वेळ, जेव्हा ते नुसतं शेतात उभं असतं आणि आपल्याला घरी बसून वाटत राहतं की अरे उचला ना त्याला, निघा ना आता!

ते निघत नाहीत कारण हेलिकॉप्टरचं पहिलं काम डॉक्टर आणि पॅरामेडिकला रस्त्याकडेला आणून सोडणं हे आहे. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जे पहिल्या काही मिनिटांत करतात त्यातलं बरंचसं हे लोक चिखलात गुडघे टेकून करतात, आणि कधीकधी तर ते सगळं झाल्यावर पेशंट साध्या, रस्त्यावरच्या अँब्युलन्सनेच जातो, फक्त डॉक्टर सोबत बसतो.

उदाहरणार्थ भूल. डोक्याला जबर मार लागलेला माणूस पुष्कळदा हातपाय झाडतो, मास्क ओढून काढतो, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या मेंदूला ऑक्सिजनची सर्वात जास्त गरज असते. मेंदूला पहिली इजा झाली ती झाली, ती कुणी परत फिरवू शकत नाही, पण नंतर ऑक्सिजन कमी पडून किंवा बीपी पडून जी दुसरी इजा होते ती टाळता येते. म्हणून तिथेच केटामाइनसारखं औषध देऊन झोपवतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, श्वासनलिकेत नळी घालतात आणि व्हेंटिलेटर लावतात. आता नळी बरोबर जागी आहे का हे बघायला हॉस्पिटलमध्ये स्टेथोस्कोपचीही मदत होते, पण रस्त्यावरच्या गोंगाटात आणि नंतर हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या आवाजात त्यातून फारसं काही ऐकू येत नाही. मग भरवसा कशावर, तर मॉनिटरवरच्या एका वळणदार रेषेवर, जी दर श्वासाला बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवते. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीतला दाब वाढतो, फार कमी झाला की त्या आकसतात आणि मेंदूला रक्तच कमी मिळतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा डॉक्टरची नजर कुठे जाते बघा, सारखी त्या रेषेकडे जाते.

दुसरी गोष्ट रक्ताची, आणि इथे सायन्स खरंच खूप बदललंय. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. पूर्वी रक्त गेलं की सलाईनच्या बाटल्यामागून बाटल्या चढवायचे, बीपी वर यायचं, सगळ्यांना बरं वाटायचं. पण सलाईन ऑक्सिजन वाहून नेत नाही, उरलेलं रक्त पातळ करतं आणि शरीर थंड करतं, आणि थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. रक्त गोठत नाही म्हणून अजून वाहतं, वाहतं म्हणून शरीर अजून थंड पडतं, रक्तात आम्ल वाढतं, त्याने गोठणं आणखी बिघडतं. ह्या चक्रात सापडलेला माणूस नंतर कितीही चांगल्या ऑपरेशन थिएटरात नेला तरी हातातून जाऊ शकतो. म्हणून आता घटनास्थळीच खरं रक्त द्यायची पद्धत आली, २०१२ मध्ये लंडनच्या एअर अँब्युलन्सने ब्रिटनमध्ये ती सुरू केली आणि मग इतर ठिकाणी पसरली. आणि म्हणूनच उन्हाळ्यातसुद्धा हे लोक पेशंटला ब्लँकेटमध्ये गुंडाळतात.

ह्याच्या जोडीला एक इंजेक्शन असतं, ट्रॅनेक्झॅमिक ऍसिड. ह्याची गोळी आपल्याकडे कित्येक बायकांना माहीत असेल, पाळीत फार रक्त जातं तेव्हा देतात तीच. जखमेवर रक्ताची गुठळी धरते तिच्यात फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी असते, आणि शरीर ती जाळी विरघळवायलाही लगेच सुरुवात करतं, हे औषध ते विरघळणं थांबवतं. जपानमध्ये उताको ओकामोतो ह्या बाईंनी नवऱ्यासोबत १९६० च्या दशकात हे शोधलं, त्यांना बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचवायच्या होत्या, पण अनेक वर्षं त्यासाठी मोठी चाचणी काही झाली नाही. अपघातातल्या पेशंटवर मात्र झाली, २०१० मध्ये निकाल आला, ४० देश, २०,००० च्या वर पेशंट, त्यात भारतातली हॉस्पिटलंही होती. मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून साडेचौदावर आलं. दीड टक्का ऐकायला कमी वाटतो, पण एका स्वस्त औषधाने जगभर हे होत असेल तर ती माणसं किती होतात विचार करा. आणि अट एकच, ३ तासांच्या आत द्यायचं, उशिरा दिलं तर उलट नुकसानच होऊ शकतं. म्हणून ते रस्त्यावर द्यायला महत्त्व. बाळंतपणातल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये लागला, तिथेही रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, पण ओकामोतोबाई त्याच्या आदल्याच वर्षी ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

उडण्याचंही स्वतःचं फिजिक्स आहे. आपल्याकडे एअर अँब्युलन्स म्हटलं की बहुतेकदा छोटं विमान, नागपूरहून हैदराबाद किंवा चेन्नईला ऍडमिट पेशंट नेणारं. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतका असू शकतो, तिथे कोंडलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. छातीत फुप्फुसाबाहेर थोडी हवा अडकली असेल तर जमिनीवर सहन होणारी ती हवा वर गेल्यावर फुप्फुस दाबू शकते, म्हणून विमानात चढवायच्या आधी नळी घालून ती काढतात. हेलिकॉप्टर बरंच खालून उडतं त्यामुळे हा त्रास कमी, तिथे अडचण जागेची. आत वाकून श्वासनलिकेत नळी घालणं महाकठीण, त्यामुळे जे करायचं ते जमिनीवर, उड्डाणाच्या आधी.

सिरीज बघताना एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवायला हवी. काही महिन्यांनी सोफ्यावर बसून मुलाखत देतात ते वाचलेले लोक असतात, त्यामुळे टीव्हीवर वाचण्याचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसणारच. कुठला उपाय खरंच चालतो हे ओकामोतोबाईंच्या औषधावर झाल्या तसल्या चाचण्यांतून कळतं, जिथे गेलेल्यांचीही मोजदाद होते. आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत तशी चाचणी करणं अवघड आहे, कारण मरणाच्या दारातल्या माणसाला चिठ्ठी टाकून तू हेलिकॉप्टरने, तू गाडीने असं कोण म्हणणार, त्यामुळे त्यावर डॉक्टर लोकांचा वाद अजून चालूच आहे.