सीट लावायची ती पायांपासून

बेळगाव भागात गाडी चालवणाऱ्याच्या कमरेला स्वस्थता नाही. कोल्हापूरकडे निघालं की वंटमुरी आणि तवंदीचे घाट, गोव्याकडे निघालं की जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ल्याची वळणं. उसाच्या हंगामात तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करतच गाव गाठावं लागतं. घरी पोचल्यावर 'कंबर धरली' म्हटलं की सल्ला ठरलेला असतो : सीटवर उशी घ्या, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. म्हणजे सगळं लक्ष पाठीकडे. पण गाडीत पाठ कशी बसणार, हे आधी पाय ठरवतात.

खुर्चीत बसला असाल तर आत्ताच करून बघा. खुर्चीच्या कडेवर ताठ बसा. एक तळहात कमरेच्या मागच्या खोलगट भागावर ठेवा आणि एक पाय गुडघ्यात हळूहळू सरळ करत पुढे न्या. गुडघा जवळजवळ सरळ झाला की हाताखालची ती खोलगट जागा सपाट होते, कंबर मागे ढकलली जाते. मांडीच्या मागचे लांब स्नायू याला कारण आहेत. त्यांचं एक टोक आपण ज्या हाडांवर बसतो त्या बैठकीच्या हाडांना आणि दुसरं टोक गुडघ्याच्या खाली जोडलेलं असतं. गुडघा सरळ झाला की ते ताणले जातात आणि ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं, म्हणजे श्रोणी, मागच्या बाजूला फिरवतात. पाठीचा कणा त्या कड्यावरच उभा असल्याने त्यालाही मागे वाकावंच लागतं.

आता हेच गाडीत बघा. सीट चार बोटं जरी जास्त मागे असली, तरी क्लच तळापर्यंत दाबताना डावा गुडघा सरळ होतो. प्रत्येक वेळी श्रोणी थोडी मागे फिरते आणि बूड सीटवर पुढे घसरतं. घाट संपेपर्यंत कमरेमागे अशी पोकळी तयार होते की तिथे टॉवेल काय, उशी ठेवली तरी ती नुसती लोंबकळत राहते.

१९५३ साली जे. जे. कीगन या अमेरिकन डॉक्टरांनी वेगवेगळ्या शरीरस्थितींत माणसांचे एक्स-रे काढून कमरेचा बाक तपासला. मांडी आणि धड यांत साधारण १३५ अंशांचा कोन असताना तो बाक नैसर्गिक राहतो, असं त्यांना दिसलं. गाडीत इतकं मागे रेलून चालत नाही, रस्ता दिसायला हवा आणि हात स्टिअरिंगला पोचायला हवेत. म्हणून १०० ते ११० अंशांच्या आसपास तडजोड करावी लागते.

याच्या उलट सवयही आपल्याकडे भरपूर आहे : बॉनेटचं टोक दिसावं म्हणून सीट पार पुढे ओढायची आणि स्टिअरिंगला छाती टेकवून बसायचं. यात गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. पण मला जास्त काळजी एअरबॅगची वाटते. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि फुगताना तिच्या अगदी जवळ असलेल्या छातीला जबर मार बसू शकतो. म्हणून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. उंची कमी पडत असेल तर सीट वर घ्यायचा खटका गाडीत आहे का ते आधी बघा. जाड मऊ उशी हा शेवटचा उपाय, कारण धडक बसली की ती दबते, पट्टा सैल पडतो आणि कमरेच्या हाडांवर असायला हवा तो पट्टा पोटावर चढतो. आणि वडापच्या, म्हणजे वाटेत प्रवासी भरत जाणाऱ्या खासगी गाडीत ड्रायव्हरच्या उजवीकडे दाराशी आणखी एक माणूस कोंबतात तेव्हा कसलीच बैठक उरत नाही. एका कुल्ल्यावर, पिळलेल्या कण्याने तो ड्रायव्हर दिवसभर गाडी हाकतो.

मणक्यांमधल्या गादीवर नेमका किती दाब येतो, हे मोजलेलं आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजायला सुरुवात केली. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाच्या गादीत दाबमापक बसवून त्याच्या रोजच्या हालचाली नोंदवल्या. त्यांचे आकडे गाडीवाल्यांना कळतील अशा पीएसआयमध्ये सांगतो. आपल्या कारच्या टायरात ३०-३३ पीएसआय हवा असते. त्या माणसाच्या गादीत आडवं पडल्यावर सुमारे १५, पाठीला आधार न घेता सैल बसल्यावर ६७, आणि बसून पूर्ण पुढे वाकल्यावर १२० पीएसआय दाब होता, म्हणजे जवळजवळ ट्रकच्या टायराइतका. खुर्चीत मागे रेलून सैलावल्यावर तो ३९वर आला, कारण धडाचा बराचसा भार पाठीमागच्या टेकूने उचलला.

हे आकडे वाचले की मला जुलैतला चोर्ला घाट आठवतो. कणकुंबीच्या पुढे धुकं दाटलं की गाडी चालवणारा हळूहळू काचेकडे सरकतो. पाठ सीटपासून सुटते, हनुवटी स्टिअरिंगवर येते, खांदे कानांपर्यंत चढतात. मागून कुणीतरी म्हणतं, "मामा, जरा मागं टेकून बसा की," पण मामांना ते ऐकूच येत नाही. १२० पीएसआय येण्याइतकं कुणी वाकत नाही हे खरं, पण दाब वाढतो त्याच दिशेने. शिवाय साडेचार-पाच किलोचं डोकं मानेच्या स्नायूंना अधांतरी तोलावं लागतं. आणि मिळतं काय? डोळे फूटभर पुढे गेले तर धुक्यात दिसणारा रस्ताही फार तर फूटभरच पुढे सरकतो. त्यापेक्षा वेग कमी करून पाठ टेकवलेली बरी.

मग सीट लावायची कशी? आधी बूड सीटच्या मागच्या कोपऱ्यात घट्ट सारा. क्लच तळापर्यंत दाबा, तेव्हाही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील इतकीच सीट मागे न्या. उजवी टाच जमिनीवर टेकलेली हवी. मग सीटची पाठ मागे करा. खांदे टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. हेडरेस्टचा माथा डोक्याच्या माथ्याच्या जवळपास हवा. टॉवेलची गुंडाळी घ्यायचीच तर आता घ्या, आता ती जागेवर राहील. आरसे सगळ्यांत शेवटी, ताठ बसून लावा. दोन तासांनी मधल्या आरशात मागची काच नीट दिसेनाशी झाली, तर आरसा हलवू नका. तुम्ही घसरलेले असता, वर सरका.

इतकं करूनही तास-दीड तासाने खाली उतरावंच लागतं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या मणक्यांतून पाझरून येईल तेवढंच पोषण तिला मिळतं, आणि त्यासाठी दाब कमी-जास्त होत राहावा लागतो. एकाच बैठकीत, ती कितीही चांगली असली तरी, तसं घडत नाही. त्यात खराब रस्त्याचे हादरे. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला ४ ते ६ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे तेच हादरे अंगात वाढून बसतात, आणि कमरेचे स्नायू ते झेलून थकतात. म्हणून घरी पोचल्या पोचल्या डिकीतलं तांदळाचं पोतं उचलायला वाकू नका. आधी पाच-दहा मिनिटं अंगणात चाला, मग गुडघ्यांत वाकून, पोतं अंगाशी धरून उचला.