एकच हॉर्न, दोन अर्थ

पार्श्वभूमी

विमानाचा ढाचा फाटला की काय होतं, हे 1954 मध्ये कॉमेट या प्रवासी जेटच्या अपघातांनी आणि 1974 मध्ये पॅरिसजवळ पडलेल्या डीसी-10 नं दाखवलं. ते प्रश्न धातूचे आणि दरवाज्यांचे होते, तिथेच सुटले. केबिनमधली हवा गुपचूप कमी होते तेव्हाचं दुखणं निराळं, आणि बोइंग 737 मध्ये ते कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या एका हॉर्नपाशी येऊन अडतं.

हा हॉर्न थांबून थांबून वाजतो. जमिनीवर वाजला तर फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या), ट्रिम (शेपटीची जुळवणी), स्पीडब्रेक (पंखांवरचे हवा अडवणारे पाट) किंवा पार्किंग ब्रेक टेकऑफच्या स्थितीत नाही. हवेत वाजला तर केबिन अल्टिट्यूड, म्हणजे आतली हवा जितक्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ती उंची, 10,000 फुटांवर गेली. विमान हवेत आहे की जमिनीवर हे यंत्रणेला कळतं, मग गोंधळ होईल कसा, हा डिझाइनमागचा युक्तिवाद. कागदावर बिनचूक. पण पहिला अर्थ वैमानिकाच्या कानात बसलेला असतो. दुसरा बहुतेकांना सिम्युलेटरबाहेर भेटतच नाही. त्यातून तो भेटतो तेव्हा हवा आधीच विरळ झालेली असते.

14 ऑगस्ट 2005 ला सायप्रसहून निघालेल्या 737-300 मध्ये गळती तपासणीनंतर प्रेशरायझेशनचा, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेचा, स्विच मॅन्युअलवरच राहिला, म्हणजे दाब आपोआप राखला जाईना, आणि चेकलिस्टमधूनही निसटला. 12,000 फुटांच्या आसपास हॉर्न वाजला, तो टेकऑफचा समजला गेला. विरळ हवेमुळे उपकरणांच्या कूलिंगचा दिवा लागला आणि रेडिओवर चर्चा सर्किट ब्रेकरची झाली. विमान 34,000 फुटांपर्यंत चढत राहिलं. 121 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. अहवालात इशारे न ओळखणं प्रत्यक्ष कारणांत आलं, निर्मात्याचे अपुरे उपाय सुप्त कारणांत. ही उतरंड उलटी असायला हरकत नव्हती.

2011 मध्ये अमेरिकेत जुन्या 737 ना दोन इशाऱ्यांसाठी दोन वेगळे दिवे सक्तीचे झाले. हॉर्न तोच राहिला.

म्हणून आता निदान नंतर, मास्क आधी. 35,000 फुटांवर धड विचार करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. मास्क लावून त्याचा रेग्युलेटर 100 टक्के ऑक्सिजनवर, मग एकमेकांशी बोलणं, मग प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर घेऊन आउटफ्लो व्हॉल्व्हचा, म्हणजे केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, स्विच हातानं बंदच्या बाजूला धरून ठेवायचा. केबिनचा दाब तरीही आवरला नाही, तर प्रवाशांचा ऑक्सिजन सुरू करून खाली यायचं: 10,000 फूट किंवा त्या भागातली किमान सुरक्षित उंची, जी जास्त असेल तिथवर. प्रवाशांचे मास्क केबिन अल्टिट्यूड 14,000 फुटांवर गेली की आपोआप पडतात. त्यांतला रासायनिक ऑक्सिजन बऱ्याच विमानांत 12 मिनिटांच्या आसपास पुरतो. उतरताना थ्रस्ट आयडल, म्हणजे इंजिनांचा जोर किमान, आणि स्पीडब्रेक हवेत चालतात तेवढे, फ्लाइट डिटेंटच्या खाचेपर्यंत, उघडे. ढाच्याची शंका असेल तर मात्र वेग वाढवायचा नाही.