छत्र कुणावर, कुणावर नाही

जपान किंवा जर्मनीला अणुबॉम्ब जमला नसता असं कोणी म्हणणार नाही. डोक्यावर अमेरिकेच्या अण्वस्त्रांचं संरक्षण-छत्र होतं, म्हणून त्यांचं अडलं नाही. स्वीडनने मात्र कुणाच्या छत्राखाली नसतानाही तयारी बरीच पुढे नेऊन सोडून दिली.

छत्र कुठवर पुरतं हे गोव्याने १९६१ सालीच पाहिलं. पोर्तुगाल ‘नाटो’ या पाश्चात्त्य लष्करी कराराचा संस्थापक सदस्य. पण त्या कराराची हमी कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरतीच, आणि गोवा त्याच्या खूप खाली. डिसेंबरात भारतीय फौजा आल्या तेव्हा लिस्बनसाठी लढायला कोणी आलं नाही. आपलं भलंच झालं म्हणा!

पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. दिल्लीने बड्या देशांकडे हमी मागून पाहिली. ठोस काही हाती लागलं नाही. मग १९६८ चा अण्वस्त्र प्रसारबंदी करार आला. त्यातली खरी मेख तारखेत आहे: १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केला असेल तो अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कायम हात बांधून बसायचं. चीन सव्वादोन वर्षांच्या फरकाने आत, भारत बाहेर. भारताने सही केली नाही. करून नैतिक बळ राखता आलं असतं, असं म्हणणारे आजही आहेत. पण शेजारी बॉम्ब असताना ते बळ कुठे वापरणार, याचं उत्तर ते देत नाहीत. १९७४ ला पोखरणमध्ये ‘शांततामय’ स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतलं होतं, तेव्हा कॅनडाचा संताप अगदीच गैर नव्हता. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी मग त्याच्या विक्रीवर बंधनं घालायला आपला गट बांधला.

१९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे नेते गोव्यात जमले. पर्वरीहून साळगाव-कळंगुटकडे जाणारा चोगम रोड ही त्याचीच खूण (‘चोगम’ हे त्या परिषदेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप). अण्वस्त्रस्पर्धेबद्दल चिंता व्यक्त करणारं निवेदन इथूनच निघालं. त्यात अण्वस्त्रधारी ब्रिटनही होता.

नंतर दक्षिण आफ्रिकेने बनवलेले सहा बॉम्ब मोडीत काढले. युक्रेनने १९९४ मध्ये सुरक्षेची आश्वासनं घेऊन सोव्हिएत अण्वस्त्रं परत करायचं ठरवलं (कळ तशीही मॉस्कोच्याच हातात होती). २०१४ मध्ये क्रिमिया रशियाकडे गेला. लिबियाने २००३ मध्ये कार्यक्रम सोडला, २०११ मध्ये तिथली राजवट कोसळली. उत्तर कोरियाने २००३ मध्येच प्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि २००६ मध्ये चाचणी केली. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर इस्रायल आणि अमेरिकेने बॉम्ब टाकले. इराणची करारावर सही आहे, इस्रायलची नाही.