दिवाळीची भेट वाघाच्या हाडांसाठी

दिवाळी जवळ आली की पुण्यात ऑफिसांतून आणि सोसायट्यांतून काजूकतलीचे, ड्रायफ्रूटचे बॉक्स इकडून तिकडे फिरायला लागतात, आणि हल्ली काही जण बॉक्सऐवजी दुसऱ्याच्या नावाने कुठेतरी देणगी देतात, कुणी अनाथाश्रमाला, कुणी गोशाळेला. फार चांगली गोष्ट आहे. पण यात प्राणिसंग्रहालयाचं नाव काढलं की समोरून हमखास ऐकायला मिळतं, "त्यांना काय लागतं, वाघाला मांस टाकलं, माकडाला केळी दिली की झालं!" आणि मंडळी जास्तच उत्साही असतील तर पुढे, "मग पैसे कशाला द्यायचे, आपणच पाच किलो बोनलेस चिकन घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊ की."

हे बोनलेस चिकन प्रेमाने दिलेलं असतं यात शंकाच नाही, पण वाघाला फक्त तेच देत राहिलं तर तो आजारी पडतो, आणि वाढत्या वयाचा बछडा असेल तर काही आठवड्यांत त्याची हाडं इतकी कमजोर होतात की साधी उडी मारली तरी मोडतात. पोट भरलेलं, मांस ताजं, वजनही वाढतंय, आणि हाडं मोडतायत. हे असं का होतं हे कळलं की प्राणिसंग्रहालयाला देणगी कशासाठी लागते तेही आपोआप कळतं, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

शाळेत शिकल्याप्रमाणे हाडात कॅल्शियम असतं, ते फॉस्फरसबरोबर मिळून असतं, त्या खनिजाला हायड्रॉक्सीअपटाइट म्हणतात आणि त्यात वजनाने बघितलं तर एका भाग फॉस्फरसला दोन भाग कॅल्शियम असतं. मांसात मात्र उलटं. १०० ग्रॅम बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम साधारण १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास. आता पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला समजा १० किलो मांस दिलं, तर त्यात कॅल्शियम झालं फक्त १ ग्रॅम आणि फॉस्फरस २० ग्रॅम. शरीराला दोन्ही निदान सारखी तरी लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच असलेलं बरं. म्हणजे रोज १९ ग्रॅम कॅल्शियमची तूट, आणि ती साध्या कॅल्शियम कार्बोनेटने भरायची म्हटली तर रोज ४८ ग्रॅमच्या आसपास पावडर मांसाला चोळावी लागेल, कारण त्या पावडरीत कॅल्शियम ४० टक्केच असतं. जंगलात हा हिशोब कुणाला करावा लागत नाही, वाघ चितळ मारतो तेव्हा मांसाबरोबर बरगड्या, लहान हाडं, कूर्चा, काळीज, आतडी सगळं खातो, एकाला वीस वालं मांस आणि दोनाला एक वालं हाड एकाच जेवणात पोटात जातं आणि जमाखर्च जुळतो.

न जुळल्यावर जे होतं ते मला शरीरशास्त्रातलं सगळ्यात जबरदस्त प्रकरण वाटतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार कडकपणे सांभाळतं, १०० मिलिलिटर रक्तात साधारण १० मिलिग्रॅम, त्यात थोडाही फरक चालत नाही, कारण स्नायू आकुंचन पावणं, नसांमधून संदेश जाणं, हृदयाचा ठोका, सगळं त्यावर चालतं. मानेत थायरॉइडला चिकटून पॅराथायरॉइडच्या चार बारीक ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नसतात माणसातसुद्धा, आणि त्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्तात कॅल्शियम जरा खाली आलं की त्या लगेच पॅराथायरॉइड हॉर्मोन सोडतात. हे हॉर्मोन किडनीला सांगतं की लघवीतून कॅल्शियम जाऊ देऊ नकोस, किडनीतच व्हिटॅमिन डी चं सक्रिय रूप तयार करायला लावतं म्हणजे आतडं जेवणातलं कॅल्शियम जास्त शोषून घेईल, आणि तरीही भागलं नाही तर हाडातलं काढतं. आता गंमत बघा, हाडं विरघळवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, पण या हॉर्मोनचा निरोप जातो तो हाडं बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टकडे, आणि त्या बांधणाऱ्या पेशी एक वेगळं प्रोटीन पुढे करून विरघळवणाऱ्यांना कामाला लावतात. हाड विरघळलं की कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही बाहेर येतं, ते रक्तात साठलं तर पुन्हा कॅल्शियमलाच पकडून बसेल, म्हणून तेच हॉर्मोन किडनीला सांगतं की फॉस्फेट मात्र लघवीतून बाहेर टाक. एकच हॉर्मोन, एक गोष्ट धरून ठेवतं आणि दुसरी सोडून देतं! शिवाय रक्तातलं जवळपास अर्धं कॅल्शियम प्रोटीनला चिकटलेलं असतं, ग्रंथी मोजतात ते फक्त मोकळं आयन रूपातलं, त्यामुळे मांसातून आलेला जादा फॉस्फरस दोन्हीकडून त्रास देतो, मोकळं कॅल्शियमही कमी करतो आणि ग्रंथींना थेटही उत्तेजित करतो.

घरखर्च भागत नाही म्हणून दर महिन्याला एफडी मोडणाऱ्या माणसाचं बँकेतलं चालू खातं बघितलं तर सगळं ठीकठाक दिसेल, तसंच इथे होतं. आजारी बछड्याचं रक्त तपासलं तर कॅल्शियमचा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतो. नॉर्मल! आणि त्याच वेळी हाडं पोखरलेली असतात. एक्स-रे काढला तर निरोगी बछड्याची हाडं ठळक पांढरी दिसतात आणि या बछड्याची आजूबाजूच्या मांसापेक्षा जेमतेम वेगळी ओळखू येतात, बाहेरचा थर कागदासारखा, मध्येच कुठेतरी हाड ओल्या फांदीसारखं वाकून चिरलेलं. तो खेळत नाही, लंगडतो, उचलायला गेलं तर ओरडतो. पुढे कंबरेचं हाड आक्रसून अरुंद झालं तर जन्मभर बद्धकोष्ठ, आणि मादी असेल तर पिल्लं होताना जिवावर बेतू शकतं. म्हणजे बछडेपणी चुकलेलं जेवण पाच वर्षांनी बाळंतपणात आडवं येतं.

हे कळायला प्राण्यांनी मोठी किंमत दिलीये. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे बछडे मुडदूस होऊन मरायचे, त्यांना घोड्याचं बिनचरबीचं मांस मिळायचं. जॉन ब्लँड-सटन नावाच्या सर्जनने त्यांच्या जेवणात कुटलेली हाडं आणि कॉड माशाच्या लिव्हरचं तेल घालायला लावलं आणि बछडे सुधारले, त्याने हे १८८९ मध्ये लिहून ठेवलंय. व्हिटॅमिन डी चा शोध लागायला तेव्हा तीसेक वर्षं बाकी होती!

माशाचं तेल का लागलं, ऊन का पुरलं नाही? आपल्याला कोवळ्या उन्हात बसलं की कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं. मांजरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की त्यांच्या कातडीत ते जवळपास होतच नाही, कारण ज्या कच्च्या मालापासून ते बनतं तो माल एक एन्झाइम आधीच कोलेस्टेरॉलमध्ये बदलून टाकतं. त्यामुळे मार्जारकुळाला डी जेवणातूनच, काळीज आणि चरबीतून घ्यावं लागतं. तीच गोष्ट व्हिटॅमिन ए ची, गाजर आपल्याला चालतं, मांजराला गाजरातल्या बीटा कॅरोटीनचं ए करता येत नाही. आणि टॉरिन नावाचं एक अमिनो ॲसिड, ते मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये कळलं आणि हृदय ढिलं पडतं हे १९८७ मध्ये. टॉरिन मांसात असतं पण पाण्यात विरघळतं, मांस उकडून पाणी ओतून दिलं की बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. वाघाच्या हाडांपासून संधिवाताची औषधं आणि दारू बनवतात, त्यासाठी आपल्याकडचे वाघ मारले गेलेत. वाघाच्या हाडातलं खनिज आणि बोकडाच्या हाडातलं खनिज एकच आहे, तेच हायड्रॉक्सीअपटाइट, त्यात ताकद, मर्दानगी, गुडघेदुखीवर उतारा असलं काहीही वेगळं नसतं. गळ्यात सोन्यात मढवून घालतात ते वाघनख म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच. ज्याला ते घालून धीर येतो त्याने हे जरूर लक्षात ठेवावं की त्यासाठी एक वाघ मेलाय, आणि ते बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे.

परत देणगीकडे येतो. परदेशात ही पद्धत चांगली रुळलीये, डिसेंबरात नाताळच्या सुमाराला लोक मुलांच्या नावाने प्राणी दत्तक घेतात, मुलाला सर्टिफिकेट आणि एक कापडी खेळणं मिळतं, प्राणी अर्थातच तिथेच राहतो आणि पैसे खाणं, औषधं, पिंजरे यांच्या खर्चात जातात. बर्लिनमध्ये नाताळ झाल्यावर हत्तींना ख्रिसमस ट्री खायला देतात, पण फक्त दुकानदारांकडे न विकली गेलेली झाडं, घरातली सजवलेली घेत नाहीत, कारण त्यावर रसायनं किंवा सजावटीचे तुकडे राहिलेले असू शकतात. इतकी काळजी एका झाडासाठी घ्यावी लागते. आपल्याकडेही १८९२ पासूनचं म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान इथे दत्तक योजना आहेत.

पुण्याचं नातं यात फार जवळचं आहे. पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीतून फिरून वाघ बघितलेली पिढी अजून आहे, ते प्राणी पुढे कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवले, १३० एकरांची जागा, महापालिका चालवते, आणि शेजारच्या गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किट घालावं तशी पिंजऱ्यात काहीतरी टाकायची आपली जुनी सवयही तिथपर्यंत पोचलीये. वन्यजीव कायद्याच्या ३८ जे कलमाप्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला काहीही खायला घालणं बेकायदा आहे, आणि त्यामागे नुसती शिस्त नाहीये. चितळाला प्रेमाने दोन-चार पोळ्या गेल्या तर पिठाचं त्याच्या पहिल्या पोटात भराभर ॲसिड होतं आणि जास्त झालं तर ते जनावर दगावतं.

म्हणून वस्तू नेऊ नका, पैसे द्या, आणि शक्य असेल तर "हे फक्त वाघाच्या मांसासाठी" अशी अट घालू नका. मांसाचा खर्च डोळ्याला दिसतो म्हणून त्याला देणगी पटकन मिळते. कॅल्शियमची पावडर तर स्वस्तच आहे. महाग असतं ते तूट वेळेवर ओळखणं, एक्स-रेसाठी बछड्याला भूल देणं, भुलीवर लक्ष ठेवणारा माणूस, रक्ताच्या तपासण्या, सापांना आणि कासवांना थंडीत लागणारे हीटर आणि दिवे, आणि रोज कोण किती जेवलं, किती उरलं याची वही लिहिणारा अनुभवी कर्मचारी. त्या वहीवरून निदान होतं, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असतानासुद्धा. तेव्हा निर्णय तिथल्या व्हेटवर सोपवा. आधी त्या प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात विचारा की देणगी घेतात का, कुठल्या खात्यात घेतात, पावती घ्या, आयकरातली ८०जी ची सवलत लागू आहे का तेही तिथेच विचारा. आणि दत्तक योजनेच्या जाहिरातीत फोटो काढायला, प्राण्याला हात लावायला मिळेल असं कुणी म्हणत असेल तर तिथे एक रुपयाही देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक जागा आहे, जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड सुरू होते आणि उसात बिबट्याची पिल्लं सापडायला लागतात. जुन्नर-शिरूर भागात बिबट्यांमुळे घरातली माणसं गेलीयेत, तिथल्या लोकांची भीती खरी आहे, आणि तरीही सापडलेल्या पिल्लाला बाटलीने गाईचं दूध पाजणारे, चिकनचे बारीक तुकडे भरवणारे हातही तिथलेच असतात. पण गाईच्या दुधात मांजरकुळातल्या आईच्या दुधापेक्षा प्रोटीन बरंच कमी आणि लॅक्टोज जास्त, त्याने हगवण लागते, आणि बोनलेस चिकनचं काय होतं ते वर सांगितलंच. शिवाय आई बहुतेक वेळा जवळपासच असते, वनविभाग पिल्लं त्याच जागी संध्याकाळी ठेवतो आणि ती येऊन घेऊन जाते. त्यामुळे पिल्लू दिसलं तर काहीही भरवू नका, उचलून घरी नेऊ नका, माणसांना लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.