लाल शेपट्या आणि ‘एकही बॉम्बर गमावला नाही’

दुसऱ्या महायुद्धात वर्णभेदामुळे अमेरिकेने वेगळ्या ठेवलेल्या ३३२व्या फायटर ग्रुपच्या (लढाऊ विमानांच्या तुकडीच्या), म्हणजे अलाबामातल्या टस्कीगीत शिकलेल्या, विमानांच्या शेपट्या लाल रंगवणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या पहाऱ्यातला एकही बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडला नाही, असं वर्षानुवर्षं छापून येतं. ते खरं नाही. ग्रुपचे रोजचे मोहीम-अहवाल आणि बेपत्ता विमानांचे अहवाल तारीख, वेळ, ठिकाण लावून ताडले की असे पाडले गेलेले निदान २७ बॉम्बर निघतात. त्यातले १५ एकाच दिवशी गेले: १८ जुलै १९४४, जर्मनीतल्या मेमिंगेनची मोहीम, सगळे बी-१७ जातीचे बॉम्बर. दावा पसरवणारी एक बातमी २४ मार्च १९४५ला छापली गेली. नेमके त्याच दिवशी बर्लिनच्या मोहिमेत ३ पडले! हा ग्रुप ज्यात होता त्या अमेरिकेच्या पंधराव्या वायुसेनेतल्या इतर एस्कॉर्ट (पहारा देणाऱ्या) ग्रुपांची गमावलेल्या बॉम्बरांची सरासरी मात्र ४६ होती.