'रबर फॅक्टरी': एका खरखरीत अल्बममागचं शहर

७ सप्टेंबर २००४ रोजी ब्लॅक कीज या अमेरिकन रॉक बँडचा 'रबर फॅक्टरी' हा अल्बम आला. बँडमध्ये माणसं दोनच. गिटार आणि गळा डॅन ऑरबाखचा, ड्रम पॅट्रिक कार्नीचे. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या दोनशे अल्बमांच्या यादीत हा अल्बम १४३व्या क्रमांकापर्यंत पोचला. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात ही किरकोळ गोष्ट असली, तरी या यादीत त्यांचं नाव लागण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे या दोघांना ग्रॅमी मिळाले, मोठी इनडोअर स्टेडियमं भरली. तरी त्यांचे जुने चाहते एकत्र आले की बोलणं फिरून 'रबर फॅक्टरी'वर येतं. हे प्रेम समजून घ्यायचं तर आधी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावात जावं लागतं आणि तिथून खाली मिसिसिपीत.

अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव. १८७० मध्ये गुडरिचने इथे रबराचा धंदा सुरू केला. मग १८९८ मध्ये गुडइयर, १९०० मध्ये फायरस्टोन आणि १९१५ मध्ये जनरल टायर. अमेरिकेत मोटारी वाढल्या तसं हे गाव फुगत गेलं. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातून आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून माणसं कामासाठी इथे येत राहिली, आणि जगाची रबर राजधानी ही ओळख गाव अभिमानाने मिरवू लागलं. १९६० मध्ये इथली लोकसंख्या २ लाख ९० हजारांवर गेली होती. मग नव्या बांधणीचे रेडियल टायर आले. जुन्या पद्धतीच्या टायरांसाठी उभारलेले इथले बहुमजली कारखाने मागे पडले, नवे कारखाने दुसऱ्या राज्यांत निघाले. जनरल टायरचा अ‍ॅक्रनमधला कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. २००० च्या जनगणनेत गावात २ लाख १७ हजार माणसं उरली होती.

अशा गावात विचित्र आणि जिद्दी संगीत निघतं, हे अ‍ॅक्रनने त्याआधीही दाखवलं होतं. सत्तरच्या दशकात डीव्हो हा बँड इथूनच आला, प्रिटेंडर्स या बँडची गायिका क्रिसी हाइंड इथलीच. १९७८ मध्ये लंडनच्या स्टिफ रेकॉर्ड्सने अ‍ॅक्रनच्या बँडांचा एक संग्रह काढला, त्याचं वेष्टन खरवडलं की रबराचा वास यायचा! गावाची ओळख तेव्हा अशी नाकाला कळत होती.

ऑरबाख आणि कार्नी एकाच वस्तीत वाढले, फायरस्टोन हायस्कूल या एकाच शाळेत शिकले. शाळेचं नावही टायरवाल्याचं. ऑरबाखच्या वडिलांचा जुन्या वस्तूंचा व्यवसाय होता आणि घरात तबकड्यांचा मोठा साठा. आईकडची माणसं ब्लूग्रास हे लोकसंगीत वाजवणारी. कार्नीचे काका राल्फ कार्नी हे टॉम वेट्स या गायकाबरोबर वाजवलेले सॅक्सोफोनवादक. म्हणजे संगीत दोघांच्याही घरात होतंच, पण बँड झाला तो अपघाताने. २००१ मध्ये ऑरबाखला आपल्या तेव्हाच्या बँडचं ध्वनिमुद्रण करायचं होतं आणि कार्नीच्या तळघरात यंत्रं होती. ठरलेल्या दिवशी बाकीचे वादक उगवलेच नाहीत. मग या दोघांनीच वाजवायला घेतलं. बँडचं नाव आलं आल्फ्रेड मॅकमूर या अ‍ॅक्रनच्या चित्रकाराकडून. त्यांना स्किझोफ्रेनिया होता, आणि ज्याचा राग यायचा त्याला ते फोनवरच्या निरोपांत 'ब्लॅक की' म्हणायचे, म्हणजे पियानोची काळी पट्टी.

हा झाला गावाचा भाग. पण आवाजाचं मूळ आहे उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांत, आणि माझ्या मते या अल्बमबद्दल बोलताना सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवायला हवा.

मिसिसिपीच्या सपाट डेल्टा भागातला ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, जगाला माहीत आहे. बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या चौकटीत फिरणारा, ठरलेल्या जागी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलणारा. टेकड्यांतला ब्लूज वेगळा. तिथे कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजत राहते, खालची तार घुमत राहते, आणि ऐकणारा हळूहळू त्या आवर्तनात शिरतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकाने १९५९ मध्ये कोमो गावाजवळ फ्रेड मॅकडॉवेल या शेतकऱ्याचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा हा आवाज पहिल्यांदा बाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नीट पोचला. त्यानंतर जवळपास तीस वर्षं आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किंब्रो यांच्यासारखी माणसं आपापल्या गावात, आपापल्या लोकांसाठी वाजवत राहिली. होली स्प्रिंग्जजवळ चुलाहोमा इथे किंब्रोचा स्वतःचा अड्डाच होता. रविवारी रात्री लोक तिथे नाचायला येत.

१९९१ मध्ये ऑक्सफर्ड, मिसिसिपी इथे फॅट पॉसम ही छोटी कंपनी निघाली आणि तिने या म्हाताऱ्या वादकांना ध्वनिमुद्रित करायला घेतलं. १९९२ मध्ये किंब्रोचा पहिला अल्बम आला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. १९९८ मध्ये तो गेला, २००० मध्ये त्याचा अड्डा जळाला. त्याच्या तबकड्या ऐकून अ‍ॅक्रनमधल्या ज्या मुलाचं कॉलेजातलं लक्ष उडालं, तो ऑरबाख. म्हणून २००३ मध्ये 'थिकफ्रीकनेस' हा बँडचा दुसरा अल्बम फॅट पॉसमकडूनच निघाला, तेव्हा ती त्याच्यासाठी नुसती कंपनीची निवड नव्हती. गुरूच्या घरी जागा मिळाली होती. तो अल्बम त्यांनी कार्नीच्या तळघरात, आठ ट्रॅकच्या जुन्या टास्कॅम यंत्रावर, एका दमात चौदा तासांत मुद्रित केला.

मग ते तळघरही गेलं. घरमालकाने इमारत विकली आणि नवी जागा शोधणं आलं. सापडली ती बंद पडलेल्या जनरल टायर कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. २००४ च्या पहिल्या काही महिन्यांत त्यांनी तिथेच तात्पुरता स्टुडिओ मांडला. ध्वनिमुद्रणासाठी ती जागा अजिबात चांगली नव्हती. पण इथे घाई नव्हती, तळघराची चार भिंतींची कोंडी नव्हती. त्यामुळे आधीच्या दोन अल्बमांत नसलेली एक गोष्ट इथे आली, ती म्हणजे मोकळी जागा. गाणी संथ व्हायला धजावली. एखाद्या गाण्यात ड्रम पूर्ण गप्प बसून गिटारची स्लाइड एकटीच रडते, आणि लगेच पुढच्याला फझ या आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्राने फाटलेली गिटार अंगावर येते.

दोनच माणसांचा आवाज इतका भरीव कसा, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. बेस गिटार नाही, ही पोकळी लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. ऑरबाख बोटांनी वाजवतो. अंगठा खालच्या तारांवर बेसचं काम करत राहतो, वर बाकीची बोटं धून काढतात. ही पद्धत थेट टेकड्यांतल्या वादकांची. अँप मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला की मधली जागा आपोआप भरते. कार्नी शिकलेला ड्रमवादक नाही आणि ते ऐकू येतं. तो गिटारच्या आकृतीला धरून ठोकतो, आणि ती किंचित ओबडधोबड ठोक मला या अल्बमचा कणा वाटते. एखाद्या सफाईदार ड्रमरने ही गाणी मारून टाकली असती.

बेसशिवाय वाजवणं त्यांनी शोधलं नव्हतं. शिकागोच्या हाउंड डॉग टेलरने १९७१ मध्येच दोन गिटार आणि ड्रमवर भन्नाट तबकडी काढली होती, नॉर्थ कॅरोलायनाचे फ्लॅट ड्युओ जेट्स ऐंशीच्या दशकात दोघंच वाजवत होते. आणि डेट्रॉइटचे व्हाइट स्ट्राइप्स, तेही दोघंच, २००१ पासून गाजत होते. त्यामुळे ब्लॅक कीजला सुरुवातीला सतत त्यांच्याशी तोललं गेलं, एक मोटारींच्या शहरातले, दुसरे टायरच्या. ही तुलना अन्यायाची होती. व्हाइट स्ट्राइप्सकडे रंग, वेश, गोष्ट सगळं होतं. अ‍ॅक्रनच्या या दोघांकडे सांगण्यासारखं काही असेल तर ते गाण्यातच होतं.

कदाचित म्हणूनच त्यांचा श्रोता हळूहळू जमला आणि टिकला. रेडिओने त्यांना फारसं वाजवलं नाही. २००३ मध्ये स्लीटर-किनी आणि बेक यांच्या कार्यक्रमांआधी त्यांनी वाजवलं, जुन्या व्हॅनमधून गावोगाव फिरले, आणि ज्यांनी त्यांना लहान क्लबात ऐकलं त्यांनीच इतरांना सांगितलं. अल्बमचं वेष्टन पॅट्रिकचा भाऊ मायकेल कार्नी याने केलं. अ‍ॅक्रनच्या ओळखीच्या खुणा एकत्र जुळवून केलेलं कोलाज आहे ते. पुढे २०१० च्या 'ब्रदर्स'ला तीन ग्रॅमी मिळाले, त्यांतलं एक याच मायकेलला वेष्टनासाठी होतं. त्या अल्बमचा बहुतेक भाग अलाबामातल्या मसल शोल्स स्टुडिओत झाला होता. त्याच वर्षी जनरल टायरचा तो जुना कारखाना पाडला गेला.

'ब्रदर्स' आणि त्यानंतरचा २०११ चा 'एल कामिनो' यांनी त्यांना लाखो नवे श्रोते दिले, आणि त्या अल्बमांत दम आहेच. पण किंब्रोचं देणं त्यांनी विसरलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. २००६ मध्ये 'चुलाहोमा' या छोट्या तबकडीत त्यांनी फक्त त्याचीच गाणी वाजवली. २०२१ च्या 'डेल्टा क्रीम'मध्ये तर टेकड्यांतल्या ब्लूजची गाणी मिसिसिपीच्याच वादकांना सोबत घेऊन केली. बर्नसाइडबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेला केनी ब्राउन गिटारवर आणि किंब्रोबरोबर वाजवलेला एरिक डीटन बेसवर. होय, बेस! 'रबर फॅक्टरी' आवडलेल्या कोणीही आधी किंब्रोचा १९९२ चा अल्बम ऐकावा, मग 'डेल्टा क्रीम', आणि त्यानंतर पुन्हा 'रबर फॅक्टरी' लावावा. ऑरबाखचा अंगठा खालच्या तारेवर काय करतोय, ते तेव्हा वेगळं ऐकू येतं.