फेरफार नोंद: ई-फेरफार प्रणालीतील टप्पे

जमिनीच्या अधिकार अभिलेखात, म्हणजे जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे याच्या सरकारी दप्तरात, करावयाच्या बदलाची गाव नमुना ६ या नोंदवहीत घेतलेली नोंद म्हणजे फेरफार नोंद. खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, गहाण किंवा बँकेचा बोजा, कारण कोणतेही असले तरी सातबारा उतारा थेट बदलता येत नाही. आधी फेरफार धरावा लागतो, तो हितसंबंधितांना कळवावा लागतो आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच त्याचा अंमल सातबाऱ्यावर होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० यांनी ठरवून दिलेला हा क्रम आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने विकसित केलेल्या ई-फेरफार या संगणक प्रणालीतून पार पडतो.

ही पद्धत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ मध्ये त्यातील तरतुदी जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट करण्यात आल्या. हस्तलिखित दप्तराच्या काळात प्रमाणित न झालेल्या फेरफाराची नोंद उताऱ्यावर पेन्सिलने घेत आणि प्रमाणित झाल्यावर ती शाईने पक्की करीत. अपुरी नोंद पाहताक्षणी अपुरी दिसावी, हा त्यामागील हेतू होता. संगणकीकृत उताऱ्यावर आता तेच काम ‘प्रलंबित फेरफार’ हा रकाना करतो, आणि जमीन घेणाऱ्याने मालकाच्या नावाइतक्याच काळजीने तो वाचला पाहिजे.

नोंदीचा आरंभ दोन वाटांनी होतो. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला असेल, तर कलम १५४ प्रमाणे त्याची माहिती महसूल खात्याकडे येते. पूर्वी ‘सूची दोन’ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत कागदावर येई आणि तिला विलंब लागे, आता नोंदणी विभागाची आय-सरिता प्रणाली ई-फेरफारशी जोडलेली असल्याने दस्ताचा तपशील तहसील कार्यालयातील फेरफार कक्षामार्फत तलाठ्यापर्यंत पोहोचतो. वारस नोंदीसारख्या अनोंदणीकृत बाबींत मात्र हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवण्याची जबाबदारी हक्क मिळवणाऱ्यावर असते. असा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. तलाठी, म्हणजे २०२४ पासूनच्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकारी, कागदपत्रे पाहून फेरफाराचा मसुदा तयार करतो आणि नोंदीला गावापुरता अनुक्रमांक मिळतो. या घडीला नोंद अस्तित्वात आलेली असते, परंतु सातबाऱ्यावरील नावे जशीच्या तशी असतात.

यानंतरचा नोटिशीचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. कलम १५०(२) नुसार नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते आणि अभिलेखावरून ज्यांचा संबंध दिसतो त्या प्रत्येकाला लेखी कळवावे लागते. व्यवहारात या लेखी सूचनेला ‘नमुना नऊची नोटीस’ म्हणतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत धरली जाते. चावडीवरील फलकाच्या जोडीला ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही चालू फेरफार पाहता येतात, त्यामुळे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या सहहिस्सेदाराला गावी न जाता त्यावर लक्ष ठेवता येते. ही सोय उपयोगी असली तरी ती वैयक्तिक नोटिशीची जागा घेऊ शकत नाही. प्रणालीत नोटीस बजावल्याची तारीख भरली जाते आणि पुढचे दिवस त्या तारखेवरून मोजले जातात. ती नोटीस माहेरच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या विवाहित मुलीच्या हाती खरोखर पडली की नाही, हे संगणकाला कळत नाही. भरलेली तारीख खरी नसेल, तर पुढचे सगळे टप्पे क्रमाने पूर्ण होऊनही ज्याच्यासाठी ही मुदत ठेवली आहे त्याचे म्हणणे ऐकलेच जात नाही. म्हणून बजावणीची पोच हा या सबंध प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा कागद मानावा लागतो.

मुदतीत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याचा लगतचा वरिष्ठ, मूळ कागद व पोच तपासून नोंद प्रमाणित करतो किंवा कारण नमूद करून रद्द करतो. हरकत आली, तर तिची लेखी पोच देऊन ती गाव नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेतली जाते आणि नोंदीचा मार्ग बदलतो. आता निर्णय अव्वल कारकुनाहून कमी दर्जा नसलेला महसूल अधिकारी, बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, सुनावणी घेऊन देतो. प्रमाणित नोंदीचा अंमल प्रणाली सातबाऱ्यावर व खातेदाराच्या आठ-अ उताऱ्यावर देते आणि तलाठी बदललेल्या उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी करतो. असे डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे १ मे २०१८ पासून नागरिकांना ऑनलाइन मिळू लागले.

टप्पे पुढे सरकतात ते कोणत्या क्रमाने, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. कर्नाटकातील ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या प्रणालीने आधी आलेला अर्ज आधी निकाली काढण्याचा नियम संगणकातच बसवला, त्यामुळे मधला अर्ज उचलून पुढे नेण्याची कर्मचाऱ्याची मोकळीक आटली. एकाच गटावर एकामागून एक फेरफार पडतात तेथे या क्रमाला विशेष अर्थ आहे: वारस नोंद प्रलंबित असताना वारसाने केलेल्या विक्रीचा फेरफार आधी प्रमाणित होऊ लागला, तर देणाऱ्याचे नाव अभिलेखात नसतानाच घेणाऱ्याचे नाव चढवण्याची वेळ येते.

प्रमाणित नोंद कलम १५७ प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ती मालकी निर्माण करत नाही. फेरफार हा महसुली प्रयोजनासाठी असून मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाने ठरवायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. लेखनाची चूक कलम १५५ खाली दुरुस्त होते. निर्णयच मान्य नसेल, तर कलम २४७ नुसार वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे, साधारणतः उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांच्या आत अपील करता येते. अपिलात नोंद रद्द झाली, तरी ती दप्तरातून पुसली जात नाही. अपिलाच्या आदेशावरून नवा फेरफार धरला जातो, त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाने सातबारा पुन्हा बदलतो.